गोव्यात भाड्याचं घर घेताय? आधी टीव्हीच्या छत्रीला आकाश दिसतंय का बघा

कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून नोकरीसाठी आलेली मंडळी वेर्णा-कुंडईच्या आसपास घर घेतात, सामान लावतात आणि मग कळतं की टीव्हीला सिग्नलच नाही. घरात वयस्कर आईवडील असतील तर ही किरकोळ गोष्ट नाही. नव्या गावात ओळखी होईपर्यंत मराठी मालिका आणि बातम्या हीच त्यांची सोबत असते. म्हणून घर बघायला जाल तेव्हाच याचीही चौकशी करा.

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा अशा शहरांत केबल मिळते आणि तिच्यावर गोव्याच्या स्थानिक बातम्याही दिसतात. मिळत असेल तर खुशाल केबल घ्या. आतल्या वाड्यांवर, सत्तरी-सांगे-काणकोणच्या बाजूला मात्र बहुधा छत्रीच (डिश अँटेना) लावावी लागते. छपरावर जुना काटेरी अँटेना दिसला तर त्याच्या भरवशावर राहू नका. दूरदर्शनची ती जुनी प्रक्षेपणं देशभर जवळपास सगळीकडे बंद झाली आहेत.

डोंगराच्या पायथ्याचं घर म्हणून घाबरू नका. मोबाइलला डोंगर आडवा येतो, छत्रीला सहसा येत नाही. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत छत्री-सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गोव्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर असतो. इतक्या उंचीवर आड येतात ती झाडं: माड, फणस, आंबा. घराच्या आग्नेयेला दाट कुळागर (माड-पोफळीची बाग) असेल तर आधी छत्रीसाठी मोकळी जागा शोधा, मग सेट-टॉप बॉक्स विकत घ्या. मार्चच्या मध्यावर किंवा सप्टेंबरअखेरीस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळपास त्याच जागी असतो. त्या वेळी जिथे ऊन पडतं, तिथे छत्री चालेल. (त्याच दिवसांत सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आला की काही मिनिटं चित्र जातं, तो बिघाड नव्हे.) उन्हाळ्यात बसवलेली छत्री पावसाळ्यात पालवी वाढल्यावर रुसते, हेही ध्यानात ठेवा. माडाची झावळ आड येत असेल तर घरमालकाला विचारून पाडेल्याकडून (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडून) काढून घ्या, परस्पर हात लावू नका.

बसवणाऱ्याच्या शेजारी उभे राहा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत खिळे-बोल्ट लवकर सैल होतात. पिलर किंवा स्लॅबचं काँक्रीट असेल तिथेच अँगल ठोकायला सांगा. वाऱ्याने छत्री दोन-तीन अंश जरी फिरली तरी चित्राचे चौकोन होतात. मंगलोरी कौलांवर कुणालाही चढू देऊ नका, फुटलेलं कौल जूनमध्ये गळतं. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन पट्टे असतात, ताकद आणि दर्जा. दर्जाचा पट्टा बघूनच छत्री घट्ट करून घ्या. नुसती ताकद भरपूर दाखवत असेल तर त्याला अर्थ नाही.

इथला खरा शत्रू पाणी. एलएनबीजवळच्या (छत्रीसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीजवळच्या) जोडात पाणी शिरलं की तार आतून हिरवी पडते आणि सिग्नल हळूहळू मरतो. त्या जोडावर पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळून घ्या. केबल घरात शिरते तिथे तिला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. कळंगुट-कोलवासारख्या किनारी भागात खाऱ्या वाऱ्याने अँगल गंजतो, दर वर्षी मे महिन्यात रंगाचा हात द्या. मुसळधार सरीत काही मिनिटं चित्र गेलं तर कुणाला बोलावू नका, पाऊस ओसरला की येतं. फारच वारंवार होत असेल तर ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची छत्री लावा, बराच फरक पडतो.

मे अखेरीस वळीव आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस येतो, तेव्हा विजा जोरात असतात. ढग गडगडायला लागण्याआधीच बॉक्सची पिन आणि मागची केबल, दोन्ही काढून ठेवा. आणि दुरुस्तीचं काम असेल तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यावर ढकलू नका, तेव्हा माणूस मिळत नाही.