मद्यपान आणि ग्रीन टी: काय करावे, काय टाळावे

ग्रीन टीने नशा लवकर उतरते, हा समज आधी बाजूला ठेवावा. मद्यार्काचे विघटन यकृत आपल्या गतीनेच करते आणि चहातील कॅफिन केवळ झोप उडवून आपण शुद्धीत असल्याचा भास निर्माण करते, जो वाहन चालवू पाहणाऱ्याला फारच महागात पडू शकतो. मद्य घेतलेल्या रात्री पाणीच प्यावे.

दुसऱ्या दिवशी काही खाल्ल्यानंतर ग्रीन टी घ्यायला हरकत नाही. रिकाम्या पोटी मात्र त्यातील टॅनिन या तुरट घटकामुळे मळमळ वाढू शकते. पाणी सुमारे 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, एका कपाला लहान चमचाभर पाने घालावीत आणि दोन-तीन मिनिटांत गाळावे, कारण जास्त मुरलेला चहा कडू होतो, आणि कडू म्हणजे औषधी नव्हे.

ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले आहे, आणि तो धोका चहाने पुसला जात नाही. मद्य कमी करण्यासाठी पेल्याच्या जागी चहाचा कप ठेवावयाचा असेल, तर तो झोपेच्या बराच वेळ आधी घ्यावा.