तालमीत राहायला जाताना: खुराक नंतर, आधी लंगोट मोजा

जूनमध्ये पोराला कोल्हापूर, सांगली नाहीतर पुण्याच्या तालमीत ठेवायचं ठरलं की घरात पहिली चर्चा बदाम आणि तुपाची होते. ते नंतर. आधी लंगोट मोजा. किमान सहा हवेत. मागच्या वेळी दिलेल्या सामानाच्या यादीत ही ओळ नव्हती, म्हणून यंदा ती सगळ्यात वर आहे.

सहा कशाला, असं घरातलं कुणीतरी विचारणारच. मेहनत, म्हणजे तालमीतला व्यायाम, दिवसातून दोनदा असते, पहाटे आणि दुपारी चारच्या पुढे. दोन्ही वेळा लंगोट घामानं चिंब होतो, म्हणजे रोजचे दोन. पावसाळ्यात जाड सुती कापड वाळायला दोन दिवस घेतं, झड लागली तर तीन. तीन लंगोट घेऊन गेलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात दमट लंगोट चढवतो आणि जांघेत नायटा धरतो. लंगोट वाळला की नाही हे मधल्या कापडावरून ठरवायचं नसतं. बंद जिथे शिवलेले असतात ती दुहेरी पट्टी आणि खालची जाड शिवण शेवटपर्यंत ओली राहते. ती चिमटीत धरा. गार लागली तर वाळलेला नाही, परत दोरीवर टाका. घडी घालून टाकू नका, उलटा करून, बंद मोकळे सोडून, पूर्ण पसरून टाका. तालमीतली दोरी कायम भरलेली असते, तेव्हा स्वतःची दहा-बारा हात दोरी आणि डझनभर चिमटे बरोबर द्या. ऊन नसेल त्या दिवशी शिवणीवरून गरम इस्त्री फिरवायची. नवा लंगोट घरीच दोनदा धुवा, खळ निघते आणि कापड आटायचं तेवढं आटून घेतं.

नायटा पोराला ओळखायला शिकवूनच पाठवा. गोल चट्टा, कड लाल आणि उठलेली, मधली कातडी निवळत चाललेली, घाम आला की आणि रात्री खाज. पोरं लाजतात, वस्तादांना सांगत नाहीत, मेडिकलमधून कुठलीतरी ट्यूब आणून लावतात. तिथेच घात होतो. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत वाढत राहते, आणि महिन्याभरानं चट्टा पोटापर्यंत पसरतो तेव्हा साधी औषधं दाद देत नाहीत. सरळ त्वचारोगाच्या डॉक्टरकडे न्या. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस औषध चालू ठेवा. तोवर लढत बंद, कारण एकाचा नायटा सगळ्या तालमीला लागतो. स्पर्धेत वजनाच्या वेळी डॉक्टर कातडी बघतात आणि पसरणारा त्वचारोग दिसला तर उतरू देत नाहीत. एवढं सगळं एका ओल्या शिवणीपायी.

पंचे दोन, साबण स्वतःचा, अंथरूण स्वतःचं. यात उसनवारी नको, अगदी जिवलग मित्राशीही नको. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल, कापूर पडतं म्हणून कातडीला काही होत नाही, हा समज सोडा. मेहनत संपली की अर्ध्या तासात आंघोळ, आणि जांघ व पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या.

आता गादीचं, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीचं, सामान. पोरगा मातीतला असला तरी हे लागतंच. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. बाकी राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय बहुतेक सगळं गादीवरच. सिंगलेट, म्हणजे गादीवर घालायचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख, दोन घ्या, एक लाल आणि एक निळं. कुठला रंग वाट्याला येईल ते जोड लागल्यावरच कळतं, ऐनवेळी दुसऱ्याचं मागत फिरावं लागतं. बूट कुस्तीचेच, पातळ तळाचे, घोट्याच्या वर येणारे. वाढत्या वयाचा म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. पाय आत फिरला की घोटा मुरगळतो. पाय फार वाढत असेल तर महागडा जोड घेण्यापेक्षा साधा घ्या आणि वर्षानं बदला. नाडी चिकटपट्टीनं बांधायची. हे बूट घालून बाहेर, संडासात, रस्त्यावर जायचं नाही, ती घाण गादीवर येते आणि गादीवरून अंगावर. गुडघ्याची पट्टी कापडी, आत धातू नको. कापडी रुमाल हवा, नियमानं तो सिंगलेटमध्ये लागतो. नखं बोटांच्या मांसाबरोबर कापलेली.

कानाचं संरक्षक घ्या. तालमीत मोडलेला कान पैलवानाची खूण मानतात, पण कान सुजून मऊ फुगला की आत रक्त साठलेलं असतं. दोन-चार दिवसांत कान-नाक-घसा डॉक्टरकडून ते काढून दाबपट्टी बांधली तर कान बहुधा वाचतो, उशीर झाला की तो तसाच घट्ट होतो. घरच्या सुईनं टोचू नका.

खुराक. इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो, म्हणून हिशेब घालू. साठ किलोच्या पोराला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिनं पुरतात. एक लिटर दुधात ३५, चार अंड्यांत २५, ज्वारीच्या पाच भाकरीत ३० च्या आसपास, दोन वाट्या घट्ट आमटी किंवा उसळीत १५. झाले १०५. मटण-चिकन आठवड्यात दोनदा मिळालं तर उत्तमच. अंडी खात नसेल तर १०० ग्रॅम पनीर आणि आणखी एक वाटी उसळ. पावडरचा डबा कशाला हवा? तरी घ्यायचाच असेल तर सीलबंद, पक्क्या बिलाचा. कुणी ताकदीचं इंजेक्शन सुचवलं तर त्या माणसाची संगत तोडायला लावा. मेफेंटरमिन हे रक्तदाब वाढवायचं औषध दम टिकतो म्हणून पोरांना टोचलं जातं. त्यानं हृदयाला धोका होतो आणि खेळात त्यावर बंदी आहे.

तुपात प्रथिनं नसतात, नुसती चरबी. दिवसाला दोन मोठे चमचे भरपूर झाले, तेही जेवणात. पहाटे वाटीभर तूप पिऊन जोर मारायला गेलेला पोरगा पहिल्या शंभरातच ओकारी काढतो. पहाटे उठल्यावर पेलाभर पाणी, एक-दोन केळी किंवा चार खजूर, अर्ध्या तासानं मेहनत. थंडाई मेहनतीनंतर, श्वास बसल्यावर. रात्री भिजवलेले वीस-पंचवीस बदाम, मगज (टरबूज-खरबुजाच्या बियांचा गर) एक मोठा चमचा, बडीशेप आणि खसखस एकेक लहान चमचा, पाच-सहा मिरे, दोन वेलदोडे. कुंडीत बारीक वाटून अर्धा लिटर दुधात गाळायचं. भरडसर राहिलं की पोटात दुखतं. स्पर्धेच्या आठवड्यात खसखस पूर्ण वगळा. तिच्यामुळे लघवीच्या चाचणीत मॉर्फिन दिसू शकतं आणि स्पर्धेच्या काळात त्यावर बंदी आहे.

पाण्यासाठी वजनकाटा वापरा. मेहनतीआधी आणि नंतर कोरड्या अंगानं वजन करायचं. एक किलो उतरलं तर पुढच्या दोन-तीन तासांत थोडं थोडं करून सव्वा ते दीड लिटर पाणी, जेवणात मीठ नेहमीसारखं. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय.

खुराकाचं पोतं भरताना कपड्यांची पिशवी छोटी होत जाते. बदाम पाव किलो कमी नेला तरी चालेल, गावाकडून कुणाबरोबरही पाठवता येतो. लंगोट पुन्हा मोजा. सहा.

स्पर्धेचं थोडक्यात. वजन आदल्या रात्री उतरवायला लागत असेल तर वजनगट चुकलाय. विनेश फोगाट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटात अंतिम कुस्तीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, सोबत तज्ज्ञांचा ताफा असताना. वाढत्या पोराला उपाशी ठेवून, जाड कपडे घालून पळवू नका. वजन दिलं की ओआरएसचं पाणी घोट घोट, केळी, मऊ भात-दही. नवीन, तेलकट काही नको.

स्पर्धेला नेताना धुतलेले दोन लंगोट वेगळ्या कोरड्या पिशवीत, दोन्ही सिंगलेट, बूट, रुमाल, पंचा, नेलकटर, चिकटपट्टी. जन्मदाखला मूळ आणि दोन झेरॉक्स, आधार, फोटो, वैद्यकीय दाखला. जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकच आहे का ते महिनाभर आधी बघा, शाळेच्या दाखल्यावर वेगळी निघाली तर दुरुस्तीला वेळ लागतो.