रिफॉर्म जोडताय? लिनक्सला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

बर्लिनच्या एमएनटी रिसर्च या कंपनीचा ‘रिफॉर्म’ हा लॅपटॉप सुट्या भागांतही मिळतो. सर्किटचे आराखडे सगळ्यांना खुले, सोल्डरिंगची कटकट नाही, एक स्क्रूड्रायव्हर आणि निवांत दुपार पुरते. तरी पहिल्या दिवशी तो चालू झाला नाही की लोक थेट लिनक्सवर, म्हणजे त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर घसरतात. खरं तर बहुतेक वेळा गाडी लिनक्सपर्यंत पोचलेलीच नसते.

सगळ्यात महागात पडते ती सेलची चूक. यात १८६५० मापाचे आठ सेल बसतात, पण ते लिथियम आयर्न फॉस्फेटचे. एरवी साधारण ३.२ व्होल्ट, पूर्ण भरले की ३.६. जुन्या बॅटरीतून किंवा टॉर्चमधून काढलेला १८६५० दिसतो अगदी तसाच, मात्र तो बहुधा नेहमीच्या लिथियम आयनचा, भरला की ४.२. ‘बसतोय ना, मग चालेल’ हा हिशेब इथे आग लावू शकतो. वेष्टणावरचा छाप पुसला असेल तर तो सेल बाजूलाच ठेवा. आणि प्रत्येक सेलचं टोक बोर्डवरच्या खुणेशी ताडून बघा. पाच-सहा सेल घालून झाले की हात सवयीने चालायला लागतो, तिथेच एखादा उलटा बसतो.

सेल बसवून झाले की कीबोर्डवरची गोल चिन्हाची कळ दाबा, मग ‘B’ची कळ. वरच्या चिमुकल्या पडद्यावर प्रत्येक सेलचा व्होल्टेज दिसतो. सात सेल ३.३ दाखवतायत आणि एकच २.४ वर रुतलाय, तर दोष तिथेच आहे. आकडेच येत नसतील तर कीबोर्डची यूएआरटी केबल (बॅटरीची माहिती मुख्य बोर्डकडून कीबोर्डकडे आणणारी) पुन्हा नीट खोचा. टायपिंगची यूएसबी केबल वेगळी असते, त्यामुळे एक चालते म्हणून दुसरीही ठीक, असं धरू नका. लॅपटॉप बंद असतानाही थोडी वीज खातो. चार्ज न करता महिनोन् महिने कपाटात ठेवलात तर सेल मरतात.

गोल कळ आणि १ दाबून मशीन सुरू झालं, पण मुख्य पडदा काळाच? आधी डिस्प्लेची केबल बघा.

आता लिनक्स. सिस्टीम एनव्हीएमईवर, म्हणजे आतल्या वेगवान एसएसडीवर हलवली म्हणून एसडी कार्ड काढून टाकू नका, बूटची, म्हणजे सिस्टीम चालू होण्याची, सुरुवात अजून त्याच्यावरूनच होत असू शकते. आणि प्रोसेसर एआरएमचा आहे, तेव्हा इंटेलसाठीची .deb फाइल (सॉफ्टवेअर बसवण्याची) डेबियन, म्हणजे यातलं लिनक्स, नाकारणारच. नावात arm64 असलेली, एआरएमसाठीची फाइल शोधा.