बॅटरी गेली नव्हती, क्लॅम्प सडला होता

मालवणात आमची गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. परवा चावी फिरवली तर नुसतं टकटक, आणि स्टिरिओचा स्क्रीन उजळून लगेच गप्प. ‘नवी बॅटरी घाला’ हा सल्ला फुकटात मिळतोच! मल्टिमीटर लावला तर 12.5 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6च्या आसपास दाखवते, म्हणजे ती ठीक होती. तार बॅटरीच्या टोकाला आवळून धरणारी पकड, म्हणजे क्लॅम्प, वर उचलला तर आत हिरवट-पांढरा भुसभुशीत थर. खारी हवा असली कामं चोख करते.

आधी ऋण टोक सोडलं, मग धन. जोडताना उलटा क्रम. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासलं, तसा थर फसफसला. पुसून कोरडं केलं, सँडपेपर फिरवला, घट्ट आवळून वरून व्हॅसलिन. पहिल्याच चावीला इंजिन सुरू. चालू इंजिनवर 14.1 व्होल्ट, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटरही धडधाकट.

स्टिरिओचं घड्याळ आणि रेडिओ स्टेशनं मात्र पुसली गेली. काही गाड्यांत स्टिरिओ परत चालू करायला कोडही मागतो, तो बॅटरी सोडण्याआधी शोधून ठेवा. नकाशा मी फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवतो. घाटात रेंज गेली तरी जीपीएस चालतं. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकत बसणं तेवढं सोडलंय.