धुरी दिलेली लाल मिरची: गच्चीवर, तेलाच्या डब्यात

उन्हाळ्याच्या तोंडावर मंडईत ओली लाल मिरची दिसायला लागते. झाडावरच पिकून लाल झालेली, बोटांत धरली तर अजून रसरशीत. बहुतेक घरांत तिचा रंजका होतो. यंदा त्यातली दोन किलो बाजूला काढा आणि धुरी देऊन वाळवा. हाती साधारण अर्धा किलोच लागेल, पण लसणीच्या चटणीत यातल्या दोन मिरच्या पडल्या की गॅसवरची चटणी चुलीवरची वाटते.

मिरचीला धुरी देण्याची पद्धत मेक्सिकोत फार जुनी. तिथली हालापेन्यो मिरची जाड सालीची. उन्हात वाळण्याआधीच सडते. म्हणून ती धुरावर वाळवतात आणि तिला चिपोत्ले म्हणतात. स्पेनच्या ला व्हेरा भागात मिरची तोडायच्या दिवसांतच पाऊस, त्यामुळे तिथे ओकच्या लाकडाच्या धुरावर ती दहा-पंधरा दिवस राहते. आपल्याकडे ऊन हवं तेवढं आहे. वाळवायचं काम उन्हाचं, धूर फक्त चवीपुरता. हे मला उशिरा उमगलं. पहिल्या वर्षी ओल्या आंब्याच्या फांद्यांवर सलग पाच तास धूर दिला, आणि त्या तिखटाची आमटी बिडीसारखी लागली.

मिरची घेताना

पातळ सालीची, लांबट मिरची घ्या. लवंगी घेतलीत तर जहाल तिखट होईल, ब्याडगीच्या जातीची ओली मिळाली तर रंग सुंदर येईल आणि तिखटपणा बेताचा राहील. अर्धवट हिरव्या असतील त्या दोन दिवस सावलीत पसरून ठेवा, लाल होतात. डाग पडलेली, मऊ झालेली मिरची आत्ताच काढून टाका. देठ मात्र काढू नका. देठ उपटला की तिथून पाणी आणि बुरशी आत शिरते. धुवा, फडक्यानं कोरडी करा आणि प्रत्येक मिरचीला टोकाकडून बोटभर चीर द्या. भजीची जाड मिरची असेल तर पूर्ण उभी चिरा. हे काम करताना हातमोजे घाला, नाहीतर आधी हाताला तेल चोळा. नंतर आग झालीच तर नुसत्या पाण्यानं जात नाही. तेल लावून मग साबणानं धुवावं लागतं, कारण मिरचीचा तिखट अंश तेलात विरघळतो, पाण्यात जवळपास नाहीच.

आता अर्धा दिवस उन्हात टाका. साल किंचित कोमेजली पाहिजे. पाणी सुटत असलेल्या मिरचीवर धूर बसत नाही, काजळी बसते.

धुरीचा डबा

तेलाचा 15 किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. वरचं झाकण आणि बूड दोन्ही कापून काढा, आणि एकदा मोकळ्यात जाळ करून आतलं तेल जाळून टाका. वरून वीतभर अंतरावर आरपार दोन सळ्या घाला आणि त्यांवर स्टीलची जाळी ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको. घमेल्यात पाच-सहा कोळसे फुलवा, घमेल्याच्या कडेनं तीन विटा मांडा आणि त्यांवर डबा उभा करा. वरून ताट झाका, पण एका बाजूला दोन बोटं फट ठेवा. धूर आत कोंडला तर कडवट होतो. तो वाहता राहिला पाहिजे.

निखाऱ्यांवर राख धरली की मूठभर लाकडाच्या ढलप्या टाका. आंबा, पेरू, बाभूळ यांपैकी काहीही चालेल, मात्र खडखडीत वाळलेलं. निलगिरी नको, रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड अजिबात नको, आणि कण्हेर तर विषारीच. सुरुवातीला पांढरा दाट लोट उठतो. तो ओसरून पातळ, निळसर धूर यायला लागला की मगच मिरच्या जाळीवर ठेवा.

जाळीच्या उंचीवर हात धरून बघा. गरम लागलं तरी हात टिकला पाहिजे. चटका बसत असेल तर दोन कोळसे काढा. मिरचीच्या सालीवर फोड आले तर ती भाजली जातेय, धुरी लागत नाहीये. दर वीस मिनिटांनी चिमूट-चिमूट ढलप्या, अर्ध्या तासानं मिरच्यांची उलथापालथ. पहिल्या दिवशी तीन तास, दुसऱ्या दिवशी दोन तास, पुरे.

एक मिरची जरी निखाऱ्यात पडली तरी सगळी गच्ची खोकायला लागेल. मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढल्यावर ठसका लागला नाही तर ‘मोठी दृष्ट होती’ म्हणतात. इथे ठसका लागणारच, तेव्हा शेजाऱ्यांची वाळवणं गोळा झाल्यावर आणि वारा दुसरीकडे असताना बसा. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत हा उद्योग कधीही करू नका. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

वाळवण

धुरी झाली म्हणजे मिरची टिकणार असं नाही. आत ओल असतेच. खाटेवर जुनी सुती साडी अंथरून एकेरी थरात पसरा. खालून हवा खेळली की निम्मं काम होतं. वरून मच्छरदाणीचं कापड टाका. पाखरांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, पोपट तर मजेत खातात. सकाळ-दुपार हलवा, संध्याकाळी गोळा करून आत घ्या, कारण दवानं दिवसभराचं ऊन वाया जातं. रात्री टोपलीत एकत्र ठेवल्यावर आतली ओल सगळीकडे सारखी होते आणि सकाळी मिरची पुन्हा थोडी मऊ लागते. घाबरू नका. पातळ मिरचीला सहा ते आठ दिवस लागतात. त्यापुढे उगाच ठेवली तर रंग उडतो.

अवकाळी आला तर काय होतं ते नंदुरबारच्या व्यापाऱ्यांना विचारा. पथारीवरची मिरची भिजली की फटकी होते, म्हणजे रंग उडून पांढरट पडते, आणि भाव कोसळतो. घरी असं झालं तर ओव्हनमध्ये 60 अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून आठ-दहा तास ठेवा. ऊनच नसलेल्या देशात राहणाऱ्यांनी पहिल्यापासून हेच करावं.

मिरची कानाशी हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत, आणि वाकवली की तुटली पाहिजे. नुसती दुमडत असेल तर अजून दोन दिवस ऊन.

भरताना

काचेच्या बरणीत भरा आणि आठवडाभर रोज काचेकडे बघा. आतून वाफ दिसली की लगेच पुन्हा उन्हात. एका वर्षी मी हे टाळलं आणि बरणीच्या तळाशी राखाडी बुरशी धरली. बुरशीची मिरची पुसून, भाजून वापरता येत नाही. ती टाकायचीच, कारण त्या बुरशीचं विष शिजवल्यानं जात नाही. वरच्या चांगल्या दिसणाऱ्याही मी ठेवल्या नाहीत.

देठ दळायच्या वेळी काढा. नुसत्या धुरीच्या मिरचीचं तिखट करू नका, चार वाट्या साध्या मिरचीला एक वाटी पुरते. आणि मिक्सर थांबल्यावर झाकण लगेच उघडू नका, पूड खाली बसेपर्यंत पाच मिनिटं दुसरं काहीतरी करा.