कॉलेजच्या शिष्यवृत्तीची तयारी आठवीपासून : सोलापूरच्या पालकांसाठी

बारावीचा निकाल, सीईटीचा निकाल आणि प्रवेशाच्या फेऱ्या दोन-तीन महिन्यांत एकापाठोपाठ एक येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सोलापुरातील अनेक घरांत शिष्यवृत्तीच्या दाखल्यांची पहिल्यांदा शोधाशोध सुरू होते. काही कागद मिळायला महिने लागतात. ते आधीच काढून ठेवले असतील तर प्रवेशाच्या धावपळीत फक्त अर्ज भरणे उरते. म्हणूनच येथे योजनांची यादी न देता मुलाच्या इयत्तेप्रमाणे काय करावे, ते सांगितले आहे.

पहिला टप्पा आठवीत येतो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, शासकीय, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावे लागते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही रक्कम जपून ठेवली तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांची आणि प्रवासाची सोय होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या निमित्ताने मुलाचे बँक खाते, आधार आणि उत्पन्नाचा दाखला घरात वेळेवर तयार होतो.

दहावीच्या वर्षी नावाकडे लक्ष द्यावे. शाळेचे रजिस्टर, आधार कार्ड, बँक पासबुक आणि जातीचा दाखला या चारही ठिकाणी नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अक्षरश: सारखे हवे. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. एकच आडनाव एका कागदावर ‘गड्डम’ आणि दुसऱ्यावर ‘गड्डाम’ असे सहज लिहिले जाते, आणि तेवढ्यावरून अर्ज त्रुटीत जातो. शाळेच्या नोंदीतील दुरुस्ती मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत करून घ्यावी, कारण शाळा सोडल्यानंतर ते काम कितीतरी अवघड होते.

सर्वांत जास्त वेळ जातीच्या पडताळणीला द्यावा लागतो, आणि माझ्या मते पालक सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच करतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांसारख्या अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जातीच्या दाखल्यासोबत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अर्ज अकरावीतच करावा. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना तो आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. समितीला वडिलांकडील पूर्वजांचा जातीचा उल्लेख असलेला जुना पुरावा आणि महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा हवा असतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे कागद ग्राह्य धरले जातात. गिरण्या आणि हातमागांच्या काळात तेलंगण किंवा कर्नाटकातून येथे आलेल्या घरांना हीच अट अडचणीची ठरते. अशा वेळी आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील नोंद, जुने घरपट्टीचे कागद किंवा गिरणीतील नोकरीची कागदपत्रे शोधावीत. जुन्या शाळांकडून उतारा मिळवताना साल आणि पूर्ण नाव लिहून रीतसर अर्ज द्यावा. चुलते किंवा चुलतभाऊ यांच्यापैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत अवश्य जोडावी. काम खूप सोपे होते.

उत्पन्नाच्या दाखल्याचे गणित वेगळे आहे. तो तहसील कार्यालयातून मिळतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे तो आधीच काढून ठेवण्याचा उपयोग नाही; एप्रिल उजाडताच नव्याने अर्ज करावा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची, म्हणजे मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असे सांगणाऱ्या दाखल्याची, मुदतही याच वेळी तपासावी.

आता सोलापूरच्या घरांना विशेष लागू पडणारी गोष्ट. आई विड्या वळत असेल आणि तिच्याकडे विडी कामगाराचे ओळखपत्र असेल, तर तिच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळू शकते. ती पहिलीपासून व्यावसायिक पदवीपर्यंत असून रक्कम इयत्तेनुसार वर्षाला १,००० ते २५,००० रुपये असते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. वडील गवंडीकाम, सेंट्रिंग किंवा रंगकाम करत असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी चालू आहे ना, ते पाहावे, कारण मंडळ नोंदीत कामगाराच्या दोन मुलांच्या उच्च शिक्षणाला साहाय्य देते. नोंदणीचे नूतनीकरण थकले तर हा हक्क हातचा जातो. आईवडिलांच्या कष्टाची ही नोंद मुलांच्या शिक्षणाला कामी यावी, असे मनापासून वाटते.

प्रवेशाच्या वेळी एक पथ्य पाळावे: व्यावसायिक अभ्यासक्रमात शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅप फेरीतूनच प्रवेश घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास शुल्क सवलत मिळत नाही. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख रुपये आहे. २०२४-२५ पासून याच मर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, तेव्हा ‘मुलीच्या फीचे कसे’ या विचाराने कोणी तिला मागे ठेवू नये. अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख आहे, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी मदत देणारी स्वाधार योजना आहे. स्वाधार वगळता हे अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. बारावीत मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांनी केंद्राची शिष्यवृत्तीही पाहावी; पदवीला तीन वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात. मात्र सर्वसाधारणपणे दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येत नाहीत, म्हणून आधी बेरीज करून जास्त लाभाची निवडावी.

इतके करूनही पैसे कमी पडले, तरच शैक्षणिक कर्जाकडे वळावे, आणि अर्जापूर्वी व्याज अनुदानाच्या अटी बँकेत विचाराव्यात.

अर्ज पाठवला की काम संपत नाही. तो कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनवर तपासला जातो आणि त्रुटी निघाल्यास परत येतो. तशी सूचना मोबाईलवर येत असल्याने नोंदवलेला क्रमांक बदलू नये आणि आठवड्यातून एकदा पोर्टलवर स्थिती पाहावी. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते; घरात दोन-तीन खाती असतील तर नेमके कोणते जोडलेले आहे, ते बँकेत जाऊन खात्री करून घ्यावी. पुढील प्रत्येक वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्यासाठी मागील वर्षाची गुणपत्रिका, पुरेशी हजेरी व त्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा लागतो.