फोटो आधी उलटा करा

जुने फोटो हाती लागले की आपण आधी चेहरे बघतो. मीही तेच केलं. जाडजूड मिशा दिसल्या, 'पणजोबा' ठरवले आणि मागे बॉलपेनने तसं लिहूनही टाकलं. सात-आठ वर्षांनी आत्याने फोटो हातात घेतला. "अगं, हे आजोबा नव्हेत, त्यांचे धाकटे भाऊ. कानाची पाळी तुटलीय, दिसत नाही का?" भिंगातून पाहिलं तर खरंच. माझ्या बॉलपेनचा वळ मात्र पुढून उमटलाय, ऐन कपाळावर.

तेव्हा फोटो कडांना धरा आणि आधी उलटा करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला नंबर, पोस्टकार्डाची आखणी, जे असेल ते टिपून घ्या. मग पट्टीने मोजा. साधारण 64 × 100 मिमीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो म्हणजे बहुधा कार्त-द-व्हिझित, व्हिझिटिंग कार्डाच्या धर्तीचा छोटा फोटो. पॅरिसच्या दिस्देरीने 1854 साली त्याचं पेटंट घेतलं आणि 1860 च्या दशकात त्याचं वेडच लागलं लोकांना. 108 × 165 मिमीच्या आसपास असेल तर कॅबिनेट कार्ड, म्हणजे त्यानंतरचं. पत्र्यावरचा फोटो असेल आणि लोहचुंबक चिकटत असेल तर तो टिनटाइप. त्यात डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे अंगठी कुठल्या हातात आहे यावरून भांडू नका. रंगीत फोटोच्या पांढऱ्या कडेवर छापलेला महिना हा प्रिंट काढल्याचा असतो. रोल कॅमेऱ्यात वर्षभर पडून राहिलेलाही असू शकतो.

शिवाय कागदाचं वय म्हणजे माणसाचं वय नव्हे. फोटोचाच फोटो काढून घेतलेला असतो. कडेला टाचणीची किंवा जुन्या चौकटीची सावली दिसली की समजावं.

आता माणसं. म्हाताऱ्या माणसापुढे अख्खा अल्बम टाकू नका, एकेक फोटो द्या. "हे कोण?" विचारलं की एक नाव मिळतं आणि विषय संपतो. "तू कुठे उभी होतीस? फोटो कोण काढत होतं?" असं विचारा. काढणारा कुठल्याच फोटोत नसतो, पण तोही घरचाच असू शकतो! फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. नावाबरोबर ते कोणी सांगितलं आणि कधी, हेही लिहा. बायकांचं लग्नाआधीचं नाव हटकून विचारा, नाहीतर पुढे जुन्या नोंदींच्या दप्तरात त्या 'अमक्याची पत्नी' एवढ्याच उरतात.

हे नोंदींचं दप्तर शोधताना स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी वर चढा. फोटोवरून काढलेल्या सालाच्या पाच-दहा वर्षं मागे-पुढे बघा, आणि नावाची स्पेलिंगं जितकी सुचतील तितकी.

स्कॅन 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) करा, तिकिटाएवढा फोटो असेल तर 1200 ला. फाइल टिफ (TIFF) या प्रकारात ठेवा, मागची बाजूही स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर डेंटल फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) खालून हळूहळू सरकवा. अडला की थांबा आणि पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला तर सोडवूच नका, काचेवरूनच स्कॅन करा.

नाव मऊ पेन्सिलीने, मागे अगदी कडेला, न दाबता लिहायचं. प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे पाकिटावर लिहा, फोटो आत घालण्याआधी.

माझ्या त्या फोटोमागचं 'पणजोबा' मी खोडलं नाही. खाली पेन्सिलीने लिहिलंय: 'चूक. धाकटे भाऊ. आत्याने सांगितलं.' खरे पणजोबा एका घोळक्याच्या फोटोत डावीकडून तिसरे असावेत, असं आत्याला वाटतं. त्यांच्यापुढे सध्या प्रश्नचिन्ह आहे.